पेटी कॉन्ट्रॅक्टरला ॲक्सेस: माणसागणिक की कामागणिक?

पेटी कॉन्ट्रॅक्टरांना (मुख्य ठेकेदाराकडून कामाचा एखादा भाग घेणाऱ्यांना) बांधकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना दोन वाटा असतात. एक, प्रत्येक माणसासमोर टिक करून परवानग्या देणं. दुसरी, ‘इलेक्ट्रिकल’, ‘प्लंबिंग’, ‘फॅब्रिकेशन’ असे गट आधी बांधून माणूस गटात टाकणं. जळगाव-भुसावळकडे मी दोन्ही पद्धतींनी कामं केली आहेत.

बंगल्याचं काम, दोन-तीन पेटी कॉन्ट्रॅक्टर, सगळे ओळखीचे असतील तर पहिली वाट पुरते. तिथे गट बांधत बसायची गरज मला तरी वाटत नाही.

खरा त्रास सुपरवायझर बदलला की सुरू होतो. सावद्याजवळ केळीच्या कोल्ड स्टोरेजवर इलेक्ट्रिकलवाल्याने आठ महिन्यांत तीन सुपरवायझर बदलले. नवा मुलगा आला की मी ‘आधीच्याला होतं तेच’ देऊन टाकायचो. पहिल्याला मोजमाप जुळवायला एका संध्याकाळपुरतं बिलांचं फोल्डर उघडून दिलं होतं, ते बंद करायचं राहून गेलं. ती एक टिक कॉपी होत होत तिसऱ्यापर्यंत पोचली. त्याने शेजारच्या शेडचं वायरिंग करणाऱ्याचं आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावलं जाणारं बिल) बघितलं. त्यात पॉइंट रेट, म्हणजे वायरिंगच्या एका पॉइंटचा दर, जास्त होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मालक रेट वाढवून मागायला साइटवर हजर! चार वर्षांचे संबंध त्या दिवसापासून बिनसले, ते अजून पुरते जुळले नाहीत.

गट असता तर हे बहुतेक टळलं असतं. नवा माणूस गटाचं तेवढंच घेऊन येतो. आधीच्याला दिलेली जादा सवलत त्याच्याकडे जात नाही. प्रोकोर या बांधकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये याला परवानगीचा टेम्प्लेट म्हणतात. प्रत्येक टूलला ‘काहीच नाही’, ‘फक्त वाचणं’, ‘स्टँडर्ड’ किंवा ‘ॲडमिन’ अशी पातळी ठरवता येते. मात्र एका प्रकल्पात एका माणसाला एकच टेम्प्लेट लागतो. फॅब्रिकेशन आणि प्लंबिंग दोन्ही करणारा आपल्याकडे हमखास भेटतो, त्याच्यासाठी तिसरा वेगळा बनवावा लागतो. पहिले दोन दिवस यात जातात, हे मान्य.

गट केलात तरी लॉगिन मात्र प्रत्येकाचं स्वतंत्रच ठेवा. सामायिक लॉगिनवर ड्रॉइंग कोणी मंजूर केलं ते नंतर सापडत नाही. आणि गट बांधला की त्यात एक चाचणीचं खातं टाकून मोबाइलवर स्वतः उघडून बघा. मी आता बिलांचं फोल्डर दिसतंय का, ते सगळ्यात आधी बघतो.