‘फुकट’ तीन दिवस, दोन रात्री : एका हॉलिडे मेंबरशिपचा हिशेब

बडोद्याच्या माणसाला बाहेरगावी हॉटेल लागतं ते मुख्यतः दोनदा. दिवाळीत शाळांना 21 दिवस सुट्टी आणि लाभपंचमीपर्यंत निम्मा बाजार बंद, तेव्हा एकदा. आणि मुलांची परीक्षा आटोपली की मे महिन्यात एकदा. त्या दिवसांत दीव, अबू, उदयपूर, सापुतारा, कुठंही जा, पार्किंगमध्ये जीजे-06 च्या गाड्यांची रांग दिसेल. या दोन वेळा सोडून कोणी तुम्हाला स्वस्त खोल्या विकत असेल, तर तो तुम्हाला न लागणारी वस्तू विकतोय. आम्ही घेतलेली हॉलिडे मेंबरशिप म्हणजे आधी पैसे भरून पाच वर्षं, दरवर्षी सहा रात्री हॉटेलात राहायची योजना. तिच्या करारात हे लिहिलेलंच होतं, पण अकराव्या पानावर. तिथपर्यंत आम्ही पोचू नये याची व्यवस्था कशी होती, ते सांगते.

सुरुवात पेट्रोल पंपावर झाली. टेबल मांडून बसलेल्या दोन मुलींनी यांच्याकडून लकी ड्रॉचं कूपन भरून घेतलं. त्यात नाव आणि फोनसोबत वय, लग्न झालंय का, गाडी कोणती, क्रेडिट कार्ड कोणत्या बँकेचं, हेही विचारलेलं. पुढच्याच आठवड्यात फोन : अभिनंदन, तुम्हाला तीन दिवस, दोन रात्रींचं फुकट हॉलिडे व्हाउचर लागलंय, घेऊन जा. अट एकच, नवरा-बायको दोघांनी मिळून यायचं. कारण उघड आहे. एकटा आलेला माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठू शकतो. दोघं समोर असली की ती पळवाट राहत नाही.

अलकापुरीकडच्या एका हॉटेलचा हॉल. गाणी इतकी मोठ्यानं की शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येऊ नये. दर थोड्या वेळानं कोणीतरी फुगा फोडायचं, ‘फॅमिली नंबर अमुक, वेलकम!’ असं माइकवरून ओरडायचं, आणि सगळे कर्मचारी टाळ्या वाजवायचे. आमच्या टेबलावरचा मुलगा गोड होता. गुजराती-हिंदी मिसळून बोलायचा, मला ‘बेन’ म्हणायचा. आमच्याकडून पाहिलं की सरळ दिसावेत म्हणून तो कागदावर आकडे उलटे लिहीत होता. इतका सराव! रात्रीचे सहा हजार, वर्षाला सहा रात्री, महागाई धरून पाच वर्षं, मिळून दोन लाखांच्या वर. खाली जाड रेघ. मग ‘आमच्याकडे फक्त एक लाख साठ हजार’. आम्ही मान हलवली नाही तेव्हा कोट घातलेला मॅनेजर आला, आणि किंमत 95 हजारांवर आली. ‘ये रेट आज शाम तक का है, मॅडम. कल आप आओगे तो मैं भी नहीं दे पाऊँगा.’

त्याच कागदावर त्या मुलानं आणखी काही लिहिलं होतं : दिवाळीतही चालेल, नको वाटलं तर रद्द करता येईल, न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी. सही झाल्यावर मी तो कागद उचलायला गेले, तर हसत हसत त्यानं घडी घालून खिशात ठेवला. ‘वो इंटर्नल है, बेन.’ करारात एक कलम होतं : तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणजे आश्वासनं होती त्या कागदावर आणि कागद त्याच्या खिशात.

आता हिशेब. तुम्हाला कोणी अशी योजना दाखवली तर मी मांडलाय तसाच मांडून बघा.

सभासदत्व 95,000. कार्ड मशीनमध्ये घातल्यावर कळलं की त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे 17,100. झाले 1,12,100. ‘ईएमआय करून देतो, बोजा वाटणार नाही’ म्हणून बारा हप्ते, दर साल 15 टक्क्यांनी. त्याचं व्याज साधारण 9,300, आणि त्या व्याजावरही जीएसटी, मिळून अकरा हजारांच्या आसपास. वार्षिक देखभाल शुल्क 9,000, खोली वापरा वा न वापरा. पाच वर्षांचे 45,000. एकूण 1,68,100. पाच वर्षांतल्या तीसही रात्री वापरल्या तर रात्रीला 5,600 रुपये. त्यात हॉटेलात पोचल्यावर ‘युटिलिटी चार्ज’ म्हणून रात्रीचे 750 आणखी. आणि तीसही रात्री कोण वापरतं? बाराच वापरल्या तर एक रात्र चौदा हजारांना पडते.

दीवला ज्या हॉटेलात त्यांनी आम्हाला पाठवलं, त्याचा त्याच तारखेचा भाव मी काउंटरवर उभी राहून फोनवर पाहिला. नाश्त्यासकट 3,200. (खोलीचा भाव 7,500 पर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के, भाव त्याहून जास्त असेल तर 18 टक्के, हा कर धरल्याशिवाय दोन भावांची तुलना करू नका.) दीवचं एक आहे. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळं शनिवार-रविवारी तिथं झुंबड उडते आणि भाव चढतात. आमच्या मेंबरशिपवर शनिवार मिळतच नव्हता. मिळाले ते मंगळवार-बुधवार, आणि मधल्या वारी तिथं कोणीही उभ्या उभ्या भाव पाडून खोली घेतं.

जेवणाची गंमत वेगळीच. सभासदांना दोन वेळचं जेवण तिथंच घेणं सक्तीचं, माणशी रोजचे 900, आणि बारा वर्षांवरचा मुलगा पूर्ण माणूस. आम्ही मराठी असलो तरी चार पिढ्या बडोद्यात काढल्यात. गाडीत थेपल्यांचा आणि सुक्या चटणीचा डबा असतोच. तो डबा तसाच ठेवून आम्ही गार पनीर खाल्लं, पैसे मोजून.

आणि ते मूळचं फुकट व्हाउचर? त्यासाठी माणशी 1,500 रुपये ‘नोंदणी’, दीड महिना आधी तीन तारखा कळवायच्या, त्यांतली कोणती द्यायची ते कंपनी ठरवणार, सुट्ट्यांचे दिवस वगळून. आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही.

दिवाळीसाठी फोन केला तेव्हा ‘ब्लॅकआउट डेट्स’, म्हणजे सभासदांना खोली न मिळणाऱ्या तारखा, हा प्रकार कळला. दिवाळी, नाताळ, उत्तरायण, होळी आणि आख्खा मे. रद्द करा म्हटलं तर अकरावं पान दाखवलं : रक्कम परत मिळणार नाही. बँकेला विचारलं. पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळं हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही. सेवा मिळाली नाही म्हणून वाद उपस्थित करता येईल, पण त्यालाही मुदत असते आणि कागद लागतात. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार टाइमशेअरचा, म्हणजे अशाच आधी पैसे भरून सुट्टीतल्या खोल्या घेण्याच्या योजनेचा, करार 14 दिवसांत, कारण न देता मोडता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी तसा वेगळा कायदा नाही, म्हणून सहीच्या आधी वाचायला करार घरी मागा. देत नाहीत म्हणाले तर तिथूनच उठा, चहा अर्धा राहिला तरी.

पण हात अगदी बांधलेले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात हे जवळजवळ शब्दशः बसतं : जी गोष्ट किंमतीतूनच वसूल केली जाते, ती फुकट दिल्याचा भास निर्माण करणं. आमच्या करारात ‘वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात’ असंही होतं, पण या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कंपन्या ‘पुढच्या वर्षी देतो’ म्हणत नेमका तोच वेळ खातात. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्या, आणि यापुढं त्यांच्याशी फोनवर काही बोलूच नका, सगळं ईमेलवर. हेल्पलाइनवरून कंपनीला विचारणा झाली तेव्हा पहिल्यांदा आम्हाला ‘सर’ आणि ‘मॅडम’ लावून उत्तर आलं. पैसे आले नाहीत, पण दिवाळी देणं शक्य नाही हे त्यांनी लेखी दिलं, आणि पुढं तेच कामाला आलं.

याच सुमारास एक दुसरा फोन आला. तुमची मेंबरशिप विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, दोन लाख मिळतील, फक्त ‘ट्रान्सफर फी’चे 18 हजार आधी भरा. आमचा सभासद क्रमांक, भरलेली रक्कम, सगळं त्याला पाठ. म्हणजे यादी कुठूनतरी फिरलेली होती. फसलेल्या माणसाला पैसे सोडवून देतो म्हणून पुन्हा लुटायचं, हा या धंद्याचा जोडधंदा आहे. यांनी त्याला म्हटलं, ‘भाई, तुमची फी दोन लाखांतूनच कापून घ्या ना.’ फोन कट. असा फोन आला आणि कोणी पैसे भरून बसलं तर तासाभरात 1930 वर कळवा. ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

आमची तक्रार आयोगात दाखल झाली आहे. पहिली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आली. कायद्यात नोटीस ईमेलनं बजावायचीही सोय आहे, तेव्हा तशी परवानगी मागितली आहे. ईमेलचा पत्ता शोधावा लागला नाही. देखभाल शुल्काचं बिल दरवर्षी न चुकता त्याच पत्त्यावरून येतं.