५५० वॉटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय): सात महिने वापरल्यावर

खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, मराठी-कन्नड अर्ज, दिवसभर हेच. मार्चमध्ये, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, डेस्कटॉप आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. टक् आवाज आणि सगळं काळं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१'. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते त्यात कळत नाही.

मी हीटिंगच्या मागे लागलो. आमच्या तांबड्या मातीमुळे संशय तिथंच जाणार. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकवर कौलाच्या रंगाचा थर, नखानं खरवडावा इतका. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली. फाईल एक्सपोर्ट करताना ९२ अंशांवर जाणारा प्रोसेसर ६८ वर आला. मी खूश. दुसऱ्या दिवशी पत्रिका प्रिंटला दिली आणि मशीन परत गेलं.

बायको म्हणाली, "अहो, प्रिंटर घुरघुरला की मगच जातंय की हे. बल्ब पण बारीक होतोय बघा."

खरंच की! लेझर प्रिंटरचा फ्यूजर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग) तापताना एकदम करंट ओढतो, आणि दोघंही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. व्होल्टेज असं क्षणभर बसलं तर एसएमपीएसनं पोटातल्या साठ्यावर ते निभावून न्यायचं असतं. माझा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. एक्सपोर्ट चालू ठेवून पिवळ्या-काळ्या वायरीला मल्टिमीटर लावला: ११.२ व्होल्ट. ११.४ च्या खाली जायला नको. जाळीतून टॉर्च मारली, तर दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. (एसएमपीएस स्वतः खोलू नका. प्लग काढला तरी आत चार्ज राहतो.)

बेळगावातून ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) नवा एसएमपीएस आणला. किंमत माझ्या अख्ख्या कॅबिनेटपेक्षा जास्त. पैसे देताना हात आखडला, खोटं कशाला सांगू. आता त्याच लोडवर १२.१ दिसतात. प्रिंटरला वेगळा पॉइंट काढून घेतला. इलेक्ट्रिशियनला अर्थिंगची वायर ढिली सापडली, ती आवळल्यावर कॅबिनेटला हात लावला की येणाऱ्या मुंग्याही गेल्या. अख्ख्या लग्नसराईत एकदाही रीस्टार्ट नाही.

तक्रार पावसाळ्यात सुरू झाली. इथं पाऊस लागला की लाईटचा भरवसा नाही. जुना यूपीएस जुन्या एसएमपीएसला सांभाळायचा. नवा मात्र लाईट गेली की यूपीएससकट बंद. नव्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (करंट लाईनच्या वेव्हप्रमाणे ओढणारं सर्किट) आहे, आणि स्वस्तातल्या यूपीएसच्या चौकोनी वेव्हशी त्याचं जमेलच असं नाही. विकणाऱ्यानं हे सांगायला हवं होतं. शेवटी जुलैत प्युअर साइन वेव्हचा (लाईटसारखीच गोलसर वेव्ह देणारा) यूपीएस घेतला, तेव्हा थांबलं. तो खर्च आधीच धरून चला.

पंख्याचा आवाज जवळजवळ नाही. केबल मात्र आखूड. प्रोसेसरची आठ पिनांची केबल मागून पोचली नाही, म्हणून मदरबोर्डवरून आडवी घेतली आहे. पंख्यात जाऊ नये म्हणून पत्रिकेला लावायच्या गोंड्याच्या दोरीनं बांधलीय.