काही सुचत नसताना उघडायची वही: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबर ते ऑगस्ट, म्हणजे नागपूरची थंडी, उन्हाळा आणि पावसाळा तिन्ही झेलून झालेलं सामान असं: ए-5 आकाराची 300 जीएसएमची (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड कागदाची) स्पायरल वही, पांढऱ्या जेसोची (रंगाखाली द्यायच्या अस्तराची) डबी, ॲक्रिलिकच्या 20 मिलीच्या चार ट्यूबा, पांढरा गोंद, मॅट मीडियम (वरून द्यायचा पारदर्शक, बिनचमकीचा ॲक्रिलिक थर) आणि एक पांढरा जेल पेन. जोडीला लिफाफाभर रद्दी. डोकं रिकामं असलं तरी पाऊण तासात एक मिक्स्ड मीडिया पान (कागदाचे तुकडे, रंग, पेन एकत्र वापरलेलं) व्हावं, एवढीच अपेक्षा होती. ती पुरी होते. मात्र त्याचं श्रेय सामानाला कमी आणि थरांच्या क्रमाला जास्त.

आधी वही. 140 जीएसएमच्या साध्या ड्रॉइंग वहीत गोंद लागला की पान पापडासारखं वळतं. 300 चं पानही वळतं, पण रात्रभर वजनाखाली ठेवलं की बरंचसं सरळ होतं. वळण्याचं कारण एकच: सुकताना थर आकसतो आणि तो एकाच बाजूला असतो. म्हणून पानाच्या मागेही जेसोचा पातळ हात द्यावा. ताण दोन्हीकडे सारखा होतो आणि पुढचं पान कोरं राहत नाही, हा दुसरा फायदा. शिवलेली वही कोलाजमुळे, म्हणजे चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्यांमुळे, काही पानांतच आ वासते. स्पायरलला ती अडचण नाही. फक्त तारेजवळची 1 सेंमी पट्टी कोरडी ठेवा, ओल्या कागदाची भोकं फाटतात.

न सुचणाऱ्या दिवशी वेळ खातं ते निवडणं. त्यावर उपाय म्हणजे लिफाफ्यात हात घालून न बघता पाच तुकडे काढायचे आणि बदलायचे नाहीत. वर्तमानपत्र, जुनी लग्नपत्रिका, वाणसामानाचं बिल, काहीही. कातरीपेक्षा हाताने फाडलेलं बरं. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. दोन्ही कडा कामाच्या. तीन भाग गोंद आणि एक भाग पाणी, कागदाच्या खालीही आणि वरूनही. गोंद लावल्यावर अर्धा मिनिट थांबून मग चिकटवलं तर सुरकुत्या कमी पडतात, कारण कागदाला जेवढं फुगायचं असतं तेवढं तो आधीच फुगून घेतो. मग जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेला हवा काढायची.

या टप्प्यावर दोन गोष्टी हमखास फसतात. लग्नपत्रिकेचा लॅमिनेशनवाला भाग पाण्यातला गोंद धरत नाही. आधी सँडपेपरने घासा, नाहीतर आठवड्याभरात कड उचलते. दुसरा संक्रांतीनंतर उरलेला पतंगाचा कागद. पारदर्शक थर सुरेख देतो, पण काहींचा रंग सुटतो आणि अख्खं पान गुलाबी होतं. ओलं बोट लावून बघा. बोटाला रंग आला तर तो कागद बाजूला.

कोलाज वाळलं की जेसो. सगळ्या सामानात पैसे वसूल करणारी वस्तू हीच. ए-5 पानाला चहाचा पाऊण चमचा पुरतो. ब्रशऐवजी पुन्हा तेच कार्ड वापरायचं आणि साधारण एक तृतीयांश कागद दिसत राहील असा ओढायचा. जेसो म्हणजे ॲक्रिलिकचा बाइंडर, पांढरं रंगद्रव्य आणि खडूसारखी पूड. त्या पुडीमुळे वरचा रंग धरून बसतो. पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये टाल्कम पावडर मिसळून घरचा जेसो होतो. चालतो, पण पावडर जास्त झाली की वही मिटताना तडे जातात.

स्टेन्सिलवर पैसे घालवू नका. नागपुरात त्यासाठी संत्री भरून मिळतात ती जाळीची पिशवी आहे. साबणाने धुऊन वाळवा, दोन टोकांना ओढली की लांबट चौकटी, सैल सोडली की गोलसर. मास्किंग टेपने बसवून भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याने रंग टिपायचा. स्पंज आधी रद्दीवर दोनदा दाबून जवळजवळ कोरडा करा. पाणी जास्त झालं की रंग जाळीखाली शिरतो आणि नक्षीऐवजी डाग उरतो.

रंग दोन आणि पांढरा, पुरे. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांची पिवळी-काळी जोडी या कामाला फार चांगली, फक्त ओल्यावर ओला रंग नको: पिवळ्यात काळा मिसळला की गडद पिवळा मिळत नाही, शेवाळी हिरवा मिळतो. आधी पिवळा, तो पूर्ण वाळू द्या, मग काळ्याचा एकच मोठा आकार, मधोमध नको, एका बाजूला सरकवून. डोळे किलकिले करून पाहा. तो आकार वेगळा उठून दिसला नाही तर भोवती जेसो वाढवा. आणखी तुकडे चिकटवण्याचा मोह इथेच होतो आणि पान इथेच बिघडतं.

आता हवामान, ज्याबद्दल डबीवर काही छापलेलं नसतं. मे महिन्यात पंख्याखाली रंग ब्रशवरच वाळतो. स्टीलच्या ताटलीत ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असं ठेवलं तर बराच वेळ ओला राहतो. कूलरसमोर उलट: हवा दमट, कागद मऊ पडतो आणि जेसो वाळायला वेळ घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर प्रत्येक थराला दुप्पट-तिप्पट वेळ धरा. बोटाला गार लागतंय म्हणजे आत ओल आहे. पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून सगळ्यात वर मॅट मीडियमचा हात हवा.

खरी पंचाईत उन्हाळ्यातली. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ होतं. 45 अंशांच्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या कपाटात दाबून ठेवलेल्या वहीची समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगाचे पापुद्रे निघतात. वाळलेल्या पानावर पांढरी मेणबत्ती हलकी फिरवून सुती फडक्याने घासली की हे बरंच टळतं. मात्र मेणावर पुन्हा रंग बसत नाही, म्हणून हे अगदी शेवटी. ज्या पानावर अजून काम बाकी आहे तिथे मधे बटर पेपर घाला आणि वही उभी ठेवा.

पेनांबाबत नाराजी आहे. जेसोचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने बारीक फेल्ट टोकाचे पेन लवकर झिजतात. अल्कोहोल मार्कर ॲक्रिलिकचा थरच विरघळवतो, नंतर टोक खराब झालं म्हणून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. साधी 6बी पेन्सिल जेसोवर झकास चालते. पांढरा जेल पेन काळ्यावर उत्तम, पण पाच मिनिटं हात लावू नका.

दुसऱ्यांदा घ्यायचं झालं तर बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) जेसोची मोठी डबी आणि ट्यूबा दोनच, पिवळी आणि काळी. पांढऱ्याचं काम जेसो करतो.