दीक्षाभूमीजवळचा पुस्तकांचा स्टॉल, शाळेतल्या मुलांसाठी नक्की जा

दीक्षाभूमीच्या आसपास पुस्तकांचे स्टॉल भरपूर, पण हा बाराही महिने असतो आणि इथले काका पुस्तकं वाचून विकतात, हा मोठा फरक आहे. मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी महाडच्या सत्याग्रहावर काहीतरी पाहिजे होतं. काका म्हणाले, "महाडचं देतो ना भाऊ, पण पोरीले आधी हे वाचू द्या," आणि बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींची पातळ पुस्तिका हातात ठेवली.

त्यात 1901 चा मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. शाळकरी भीमराव, सोबत भाऊ नि भाचा, वडिलांकडे निघालेले, निरोप पोचला नाही म्हणून घ्यायला कोणी नाही, जात कळल्यावर स्टेशनमास्तरचं वागणंच बदललं, आणि गाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला तोही या अटीवर की बैल पोरांनी हाकायचे, तो बाजूनं चालणार. जेवण सोबत होतं पण पाणी कोणी देईना, पोरं रात्रभर तशीच उपाशी. मुलगी इथं थांबली आणि बराच वेळ बोललीच नाही.

मग महाडची पुस्तिका उघडली. तळी-विहिरी सगळ्यांना खुल्या करा असा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 लाच झालेला, महाड नगरपालिकेनंही तो मानलेला, तरी अस्पृश्य ठरवलेल्या आपल्या लोकांना तिथल्या चवदार तळ्याला हात लावायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यावर गेले नि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली, लोक चिडलेले, फक्त त्यांच्या एका शब्दाची वाट बघत होते आणि त्यांनी तो दिला नाही. डिसेंबरात परत जमले तर कोर्टाचा मनाईहुकूम, तोही पाळला, केस लढले आणि 1937 ला हायकोर्टात जिंकले. मसूरची ती रात्र वाचलेली असली की एवढा धीर आणि एवढा हट्ट एकाच माणसात कुठून आला ते कळतं. पाण्याचा हक्क काय असतो हे त्यांना कोणी शिकवायची गरजच नव्हती.

तक्रार महाडच्या पुस्तिकेबद्दल. छपाई फिकी, प्रूफ नीट बघितलेलं नाही, एका ठिकाणी 1927 चं 1972 झालंय! मुलांच्या हातात जाणारं पुस्तक आहे, प्रकाशकानं एवढं तरी बघावं. आमच्या कॉपीची पानं सुटत होती, काकांनी काही न बोलता बदलून दिली.

दोन्ही मिळून शंभरच्या आत. फोनपे चालतं. दसऱ्याच्या गर्दीत काकांशी बोलायला मिळत नाही, त्याच्या आधीच जा.