हीटिंग पॅड, गर्भपाताच्या गोळ्या घेताना वापरला त्याबद्दल

कमरेला बेल्टने बांधायचा वायरवाला हीटिंग पॅड. याचे रिव्ह्यू सगळे कंबरदुखीचे नाहीतर पाळीचे, मी मेडिकल अबॉर्शनच्या वेळी वापरला म्हणून वेगळं लिहितेय.

एक आधीच सांगते, शेकाने दुखणं जात नाही, फक्त सहन करता येतं. पहिल्या गोळीला, म्हणजे मिफेप्रिस्टोनला, मला पॅड लागलाच नाही. खरं काम मिसोप्रोस्टॉलच्या दिवशी, ती २४ ते ४८ तासांनी घ्यायची असते. ती गर्भाशयाला आवळायला लावते, त्यामुळे साधारण १ ते ४ तासांत कळा सुरू होतात आणि या काय पाळीच्या कळा नाहीत हो, ओटीपोटातून कंबर, कंबरेतून मांड्या, जरा ओसरलं वाटेपर्यंत पुढची. गर्भ पडताना सगळ्यात जोर, मग हळूहळू उतरतं. आधी बाळंतपण झालेलं नसेल तर जास्त दुखू शकतं म्हणे, माझं तसंच झालं.

पॅड एकटा पुरत नाही. डॉक्टरबाईंनी आयबुप्रोफेन दिली होती, दुखणं डोक्यावर बसायच्या आधीच घे म्हणाल्या. या दुखण्याला पॅरासिटामॉल त्यामानाने कमी पडते, आणि आयबुप्रोफेनने मिसोचं काम अडत नाही. अल्सर, किडनीचा त्रास किंवा अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

आता पॅडकडे. कव्हर काढून धुता येतं, हे रबरी पिशवीपेक्षा फार बरं, डाग पडतातच. बेल्टमुळे कुशीवर वळलं तरी जागचा हलत नाही. वायर मात्र आखूड! मिसोने मळमळ, जुलाब होतात, सारखं बाथरूमला पळायचं आणि दरवेळी वाकून प्लग काढायचा, त्या अवस्थेत नको नको होतं. ऑटो-ऑफ ऐन कळ आली की बंद पडतो, चिडचिड होते, पण डुलकी लागली तर तोच वाचवतो. थंडीही भरते तेव्हा फुल्लवर ठेवावासा वाटतो, नका ठेवू, माझं पोट लालभडक झालं होतं. मधल्या सेटिंगवर, कपड्यावरून, आणि बाम चोळून तर अजिबात नको.

आणि शेकत बसून अंगावर काढू नका. तासाला २ मोठे सॅनिटरी पॅड पूर्ण भिजतायत आणि हे सलग २ तास, किंवा ३८ डिग्रीच्या वर ताप मिसोनंतर २४ तास उलटूनही, वास येणारा स्राव, चक्कर, एकाच बाजूला किंवा खांद्यात दुखणं, यातलं काहीही असलं तर लगेच दवाखाना गाठा. उलट मिसो घेऊन काहीच रक्तस्राव झाला नाही तरी फोन करा.

पाचपैकी चार स्टार. एक वायरीचा कापला.