इलेक्ट्राला भाऊ भेटतो तो सीन: सॉफक्लीजचा घ्यावा की युरिपिडीजचा?

ग्रीक शोकांतिकेतला ओळख पटण्याचा एक सीन अभिवाचनाला घ्यायचा आणि ईडिपस नको, असं ठरलं की गाडी इलेक्ट्रावर येतेच. इलेक्ट्राच्या बापाचा आईनेच खून केलेला, सूड घ्यायला परत आलेला भाऊ ओरेस्टीज, आणि इस्किलस, सॉफक्लीज, युरिपिडीज ह्या तिघांनीही लिहिलंय. इस्किलसचा (इ.स.पू. ४५८) आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला, बापाच्या थडग्यावरची केसांची बट आणि पावलांचे ठसे माझ्याशी जुळतात, म्हणजे भाऊ आला, हे इलेक्ट्राचं म्हणणं मोठ्याने वाचलं की लोक हसतात.

युरिपिडीजही हसलाच होता. त्याच्याकडे म्हातारा नोकर हेच पुरावे आणतो आणि इलेक्ट्रा त्याला उडवून लावते, आखाड्यात वाढलेल्या पुरुषाचे केस बाईच्या विंचरलेल्या केसांशी जुळतील कसे, खडकावर ठसा उमटेल कसा, ओरेस्टीजचं लहानपणीचं कापड काय अंगाबरोबर वाढलं का. वाचायला जाम मजा येते, मी आधी ह्यालाच मत दिलं होतं.

पण तालमीत ओरेस्टीजचं काम माझ्याकडे आलं आणि तिथेच गाडं अडलं. समोर बहीण आहे हे ह्याला माहितीये, तिचं गाऱ्हाणं ऐकतो, आणि साडेतीनशेच्या आसपास ओळी मी कोण ह्याबद्दल हू की चू नाही! म्हातारा नाणं पारखावं तसं त्याला न्याहाळतो, भुवईजवळचा व्रण ओळखतो, तेव्हा कुठे हा कबूल. मग मिठी, दोन-चार वाक्यं, की लगेच खुनाचा प्लॅन. तो गप्प का, हे मला शेवटपर्यंत बोलून दाखवता आलं नाही. कदाचित माझंच वाचन कमी पडलं असेल.

सॉफक्लीजचा ओरेस्टीजही खोटारडाच, स्वतःच्या नावाचा अस्थिकलश घेऊन येतो आणि ही कोण ते माहीत नसताना तिच्या हातात देतो. ती कलशाशी बोलायला लागते आणि त्या रडण्यातून आधी ओळख पटते ती त्याला, मग जीभ आवरत नाही, कलश परत घ्यायला जातो तर ती सोडत नाही. ती विचारते, तो जिवंत आहे? हा म्हणतो, मी जिवंत असेन तर आहे. बापाची मुद्रेची अंगठी त्यानंतर निघते. अ‍ॅरिस्टॉटल असल्या खुणांना कमी मार्क देतो हे मान्य, पण अंगठी दिसेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं.

पोलस नावाच्या प्राचीन ग्रीक नटाने म्हणे ह्या प्रवेशात स्वतःच्या मेलेल्या मुलाच्या अस्थी आणल्या होत्या. आमच्याकडे पितळी डबा होता, तरी वाचणारीचा आवाज गेला.

हलकंफुलकं हवं असेल तर युरिपिडीज घ्या, चूक नाही. सॉफक्लीज घेतलात तर कलशाचं चाळीसेक ओळींचं भाषण कापायचा मोह होईल, तेवढं कापू नका.