एकाच दुपारी मासे खायचे असतील तर: मालवणी, गोमंतकी की मंगळुरी?

नागपूरच्या मावसदिरांचा फोन आला, "वहिनी, दोन दिवस मुंबईत आहोत, एकच दुपार मोकळी आहे. मासे खायला कुठं नेता?" मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. गेली वीसेक वर्षं मी या शहरात पाहुण्यांना माशांच्या हॉटेलांत नेते आहे, आणि जेवून उठल्यावर खूश झालेले पाहुणे जितके पाहिले, तितकेच "ठीक होतं" म्हणणारेही पाहिले. चूक बहुतेक वेळा हॉटेलाची नव्हती. माणूस एका तऱ्हेचा होता आणि मी त्याला दुसऱ्याच तऱ्हेच्या जेवणाला बसवलं होतं.

आधी माझा कल सांगून टाकते. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. त्यामुळे नारळ, कोकम आणि तिरफळ यांच्याकडे माझं झुकतं माप असणार. ते वजा करून पुढचं वाचा.

मुंबईत माशांचं जेवण मिळणारी हॉटेलं शेकड्यांनी असतील, पण बाहेरून येणाऱ्याला निवड करायची असते ती मुख्यतः तीन घराण्यांतून. दादर-परळच्या बाजूची मालवणी खानावळ, गोमंतकी सारस्वती पद्धतीचं हॉटेल आणि फोर्टातलं मंगळुरी. तिन्हीकडे सुरमईची तुकडी रव्यात घोळवून तळलेली मिळते, आणि खरं सांगायचं तर ती तिन्हीकडे जवळपास सारखीच लागते. म्हणून तळलेल्या माशावरून हॉटेल ठरवू नये. ठरवावं ते वाटीतल्या कालवणावरून, आणि कालवणात आंबट काय घातलंय त्यावरून.

मालवणी जेवणापासून सुरुवात करते, कारण मुंबईशी त्याचं नातं सर्वांत जुनं आणि घट्ट आहे. गिरण्यांच्या काळात रत्नागिरीकडून आलेले चाकरमानी एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, बायकापोरं गावाला. त्यांना जेवू घातलं ते गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अशाच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जेवण कुणासाठी शिजत होतं ते कळलं की मालवणी थाळी कळते. गिरणीतली पाळी करून आलेल्या माणसाला पोटभर भात जायला हवा, तर कालवण पातळ आणि झणझणीत हवं. आजही चांगल्या मालवणी खानावळीत कालवण ताटात धावतं आणि पहिल्या घासाला नाकातून पाणी काढतं. आंबटपणा आमसुलाचा. मसाला घरगुती, मे महिन्यात कुटून बरणीत भरलेला. बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर असं बरंच काही त्यात असतं. ताटात कालवणाखेरीज एखादं सुकं असतं, तिसऱ्यांचं (म्हणजे शिंपल्यांचं) किंवा कोलंबीचं, आणि सोबत वडे किंवा तांदळाची भाकरी.

इथे एक खूण लक्षात ठेवा. कालवणातली तुकडी बोटाने उघडून पाहा. मासा कालवणातच शिजला असेल तर आतपर्यंत मीठ-मिरची उतरलेली असते आणि कालवणालाही माशाची चव असते. गर्दीच्या ठिकाणी मात्र एकच तयार कालवण मोठ्या टोपात असतं आणि मागणीप्रमाणे पापलेट, सुरमई, बांगडा वरून सोडला जातो. मग तिन्ही माशांचं कालवण एकाच चवीचं लागतं. दादरला शिवसेना भवनाच्या आसपास 'सिंधुदुर्ग' आणि 'चैतन्य' ही दोन नावं मालवणी जेवणासाठी वर्षानुवर्षं घेतली जातात, आणि पहिल्यांदा मालवणी खाणाऱ्याला मी डोळे झाकून त्या भागात पाठवते. तिथे बांगड्याचं तिखलं मिळालं तर सोडू नका. त्यात नारळ नावालाच असतो. मिरची, आमसूल आणि तिरफळ अंगाबरोबर आटवलेलं, भाकरीशी खायचं.

विलेपार्ल्याची 'गजाली' मालवणीच, पण वेगळ्या वर्गातली. वातानुकूलित, मोठं कुटुंब घेऊन बसण्यासारखी आणि अर्थातच महाग. गजाली म्हणजे मालवणीत गप्पा, आणि जागा त्या नावाला जागते. भरलेल्या बोंबलासाठी मी तिथे जाते. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तो चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून तळला तरच कुरकुरीत होतो, आणि ही मेहनत घरी दर वेळी होत नाही.

आता गोमंतकी. लोक मालवणी आणि गोमंतकी एकाच श्वासात म्हणतात, पण फरक आहे आणि तो जिभेवर पहिल्या मिनिटात कळतो. गोमंतकी सारस्वत स्वयंपाकात प्रत्येक माशाचं हुमण, म्हणजे नारळाचं कालवण, वेगळं. बांगडा आणि तारली यांसारख्या उग्र वासाच्या माशांना तिरफळ, आणि तिरफळ घातलं की कांदा-लसूण नाही. कोलंबीला कांदा चालतो, कैरीच्या दिवसांत कैरी. बांगड्याचीच उड्डमेथी करायची तर उडीद आणि मेथीदाणे तेलावर परतून वाटणात जातात, आणि त्या किंचित कडवटपणाने बांगड्याचं तेल तोलून धरलं जातं. ओला नारळ गंधासारखा वाटलेला असतो. तिखट जिभेवर चढत नाही, मागून येतं.

तिरफळाबद्दल थोडं थांबते, कारण पाहुणे इथेच बिचकतात. मिऱ्यापेक्षा थोडं मोठं, सुकल्यावर उकललेलं फळ. आतली काळी बी कडू म्हणून काढून टाकतात आणि साल तेवढी ठेचून कालवणात घालतात. चावायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. चुकून चावलं तर जीभ बधिर होऊन झिणझिण्या येतात. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला वाटलं, काहीतरी विषारी खाल्लं. तेव्हापासून मी ताट येण्याआधीच सांगते. पण तिरफळ असलेलं बांगड्याचं हुमण आणि नसलेलं हुमण यांत इतकं अंतर आहे, की तिरफळ नाही म्हणून मी एकदा मागवलेला बांगडा बदलून कोलंबी घेतली होती.

गोमंतकीसाठी वांद्रे पूर्वेला गांधीनगरचं 'हायवे गोमांतक', फोर्टात 'प्रदीप गोमांतक', दादरला 'सायबिणी'. या ठिकाणी पाहुण्याने दिमाखाची अपेक्षा ठेवू नये. टेबलं जवळजवळ, दुपारी बाहेर माणसं ताटकळलेली, वाढणाऱ्याला घाई. पण सोलकढी प्या. कोकमाचा स्वतःचा रंग नारळाच्या दुधात उतरला की गुलाबी होतो, पण जांभळ्याकडे झुकणारा, किंचित मळका गुलाबी. सरबतासारखा भडक गुलाबी दिसला तर मी दुसरी वाटी मागत नाही. आणि सुक्या सुंगटांची किसमूर मिळाली तर ती भाताच्या शेजारी हवीच. खोबरं, कांदा, कोकम आणि भाजलेली सुकी कोलंबी इतकंच असतं त्यात, पण मऊ हुमण-भातात मध्येच दाताखाली येणारी ती कुरकुर मला माशाच्या तुकडीइतकीच प्रिय आहे.

मंगळुरीबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण तिथे मी पाहुणीच आहे. गस्सीत, म्हणजे तिकडच्या कालवणात, आंबटपणा चिंचेचा. धणे, जिरं, मेथी भाजून, बेडगी मिरची आणि खोबऱ्याबरोबर वाटलेली, त्यामुळे ती दाट, लाल आणि खमंग. तिच्याबरोबर भात चालतो, पण खरी जोडी नीर डोशाची. तांदूळ भिजवून पातळ वाटलेलं पीठ, आंबवायचं नाही, तव्यावर ओतायचं. तो डोसा रुमालासारखा मऊ निघतो आणि गस्सी शोषून घेतो. फोर्टात 'महेश लंच होम' आणि 'अपूर्वा' ही ओळखीची नावं. मुडदुशी या लहान, लांबट माशाला तिकडे काणे म्हणतात, आणि रव्यात तळलेल्या काण्यांसाठी मी मुद्दाम चर्चगेटहून चालत जाते. चिंबोरी, म्हणजे खेकडा, खायची हौस असेल आणि खिसा साथ देत असेल, तर तीही इथेच. काळा घोड्याची 'त्रिशना' लोणी-मिरे-लसूण लावलेल्या खेकड्यासाठी जगभर माहीत आहे. तो खेकडा उत्तम असतो, पण तो खाऊन किनाऱ्यावरच्या घरातलं जेवण कसं असतं ते कळणार नाही. किनाऱ्यावरच्या घरांत खेकड्याला लोणी कुणी लावत नाही.

तर निवड कशी करायची?

बरोबर कोण आहे ते पाहा. तिखट खाणारी, हाताने ओरपणारी, भातावर प्रेम करणारी माणसं असतील तर मालवणी. वयस्कर आई-वडील, पित्ताचा त्रास असलेलं कुणी किंवा लहान मुलं असतील तर गोमंतकी. मुलांना मुडदुशी द्या, तिचं मांस मऊ आणि काटा एका ओढीत निघणारा. ऑफिसातली दहा माणसं, त्यातली निम्मी मासे न खाणारी, संध्याकाळची वेळ, बसून गप्पा मारायच्या, तर मंगळुरी. टोळक्यात एकच शाकाहारी असेल तर मात्र तिला मंगळुरीत पनीर खायला लावण्यापेक्षा मालवणीत काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे द्या, किंवा गोमंतकीत खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, आहे का ते विचारा. तिला उरलेल्यांचा हेवा वाटणार नाही.

पैशांचं थोडक्यात. थाळीचा दर माशावर ठरतो. पापलेटची थाळी त्याच हॉटेलात बांगड्याच्या थाळीच्या दीडपट ते दुप्पट सहज जाते. आणि यादीत दराच्या जागी 'आकारानुसार' लिहिलं असेल तर मागवण्याआधी आकडा विचारा, त्यात संकोच कसला.

पापलेटवर माझा राग आहे, तो का ते सांगते. बाहेरच्या माणसाला पापलेट म्हणजेच मासा वाटतो आणि म्हणून तोच सगळ्यांत जास्त दिवस बर्फात पडून विकला जातो. एकदा जुलैत, उपनगरातल्या चांगल्या चालणाऱ्या एका हॉटेलात, सासूबाईंच्या वाढदिवसाला मी सर्वांत मोठं पापलेट मागवलं. "एकदम ताजं, ताई," असं वाढणाऱ्याने दोनदा सांगितलं. तुकडी तोंडात घातली तर कापसासारखी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ती ताटात तशीच ठेवली. त्या कोकणातल्या, रवळनाथाच्या गावच्या, त्यांना फसवता येत नाही. खरी चूक माझी होती. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्याला त्या काळात ताज्या पापलेटची रास कुठून येणार?

बांगडा मात्र लपवाछपवी करत नाही. ताजा असेल तर मांस काट्यापासून पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं. नीट बर्फात न ठेवलेला बांगडा खाल्ला तर जीभ चुरचुरते, कधी अंगावर गांधीही उठतात. माशात हिस्टामिन तयार झाल्यामुळे हे होतं आणि शिजवून किंवा तळून ते जात नाही. पहिल्या घासाला असं वाटलं तर भिडेखातर पुढे खाऊ नका, ताट परत पाठवा. एकुणात, बांगडा चांगला देणारं हॉटेल बाकीचे मासेही चांगले देतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

नागपूरकरांसाठी मी शेवटी काय ठरवलं? ही मंडळी घरी रोहू खाणारी. रोहूच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या बारीक काट्यांतून वाट काढणाऱ्याला बांगड्याचा काटा म्हणजे काहीच नाही, आणि वऱ्हाडी जिभेला तिखटाची भीती नाही. म्हणजे हिशेबाने मालवणीच. तरी मी त्यांना गोमंतकीत नेलं. झणझणीत रस्सा त्यांना घरीही मिळतो. तिरफळ मिळत नाही. मंगळवारी साडेबाराला पोचलो, म्हणजे रांगही नव्हती. बांगड्याचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, उकड्या तांदळाचा भात, आणि मुलांसाठी मुडदुशी. दिरांनी पहिल्या वाटीला "वहिनी, तिखट कमी वाटते" म्हटलं आणि दुसरी वाटी न विचारता मागवली. जाऊबाईंना मात्र उकडा भात जड गेला. त्यांच्यासाठी साधा भात मागायला हवा होता, ते माझ्या लक्षात आलं नाही.

तुम्ही रविवारीच येणार असाल तर बारालाच जाऊन बसा. एकनंतर तास-दीड तास उभं राहावं लागतं, आणि अडीचच्या पुढे तिसऱ्या आणि मुडदुशी बहुतेक संपलेल्या असतात. जून-जुलैत येणार असाल तर वरची यादी बाजूला ठेवा आणि मालवणी खानावळीत कोंबडी-वडे खा, सोबत सुक्या बांगड्याची किंवा सुकटीची चटणी मागा. ओले मासे खायला नारळी पौर्णिमा झाल्यावर परत या.